नळीतली बाळंतीण

पिवळी ज्योत दिसली की माझं डोकं फिरतं. कुणाकडे पाहुणी म्हणून गेले आणि चहाच्या पातेल्याखाली पिवळं जळताना दिसलं, की गप्पांत माझं लक्ष लागत नाही. यजमानीण विचारते, "साखर कमी घालू का?" मी म्हणते, "साखर राहू दे, आधी गॅस बंद कर." आमचे हे म्हणतात, अशानं तुला कुणी हळदीकुंकवालासुद्धा बोलावणार नाही. अजून तरी बोलावतात. जाताना आपली शेगडी तेवढी बघून जा म्हणतात, ते वेगळं.

मी सुरतेत गॅसच्या शेगड्या दुरुस्त करते. दुकान ह्यांचं, नवागामच्या गल्लीत, एका बाजूला लूमचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. त्या खटखटीत बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की मी हळू बोलले तरी लोकांना भांडल्यासारखं वाटतं. ह्यांना दमा, जिने चढवेनात, म्हणून घरोघर जायचं काम माझ्याकडं आलं. सुरुवातीला लोक दारातच विचारायचे, मिस्तरी कुठाय? मी पिशवीतून पाना काढून दाखवायची. गुजराती बायका हसायच्या, "अरे वाह, बेन मिस्तरी," आणि मग हमखास आत न्यायच्या.

हे आत नेणं फार मोठी गोष्ट आहे. पुरुष मिस्तरी आला की लोक शेगडी उचलून बाहेर ओट्यावर आणून देतात. तो तिथंच साफ करतो, तिथंच पेटवून दाखवतो आणि जातो. मला बायका सरळ चुलीपाशी नेतात. शेगडी कुठं ठेवलीय, वर काय टांगलंय, खिडकी आहे की नुसती भिंतीवरची चौकट, सगळं दिसतं. शेगडीचं दुखणं अर्धं शेगडीत असतं आणि अर्धं खोलीत.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गॅस ज्या भोकातून बाहेर पडतो त्याला जेट म्हणतात, ते सुईच्या टोकाएवढं असतं. तिथून गॅस एका जाड नळीत शिरतो आणि शिरताना आजूबाजूची हवा ओढून घेतो. नळीत दोघं मिसळतात, मग बर्नरमधून वर येऊन निळे जळतात. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्याला काजळी धरते. काजळी दिसते म्हणून लोक मला बोलावतात. पण त्याबरोबर एक विषारी वायूही निघतो. त्याला ना रंग ना वास, तो कुणाला दिसत नाही.

गिऱ्हाईकं एकेक नमुना असतात. भेस्तानच्या एका काकांनी ज्योत मोठी हवी म्हणून जेटचं भोक ड्रिलनं वाढवलं होतं, आणि पुढचे केस भुर्रकन जळून गेल्यावर मला फोन केला. एका बाईंना सारखा गॅसचा वास यायचा, तर त्यांनी वास मारायला सिलिंडरच्या डोक्यावर अगरबत्ती लावून ठेवली होती. मी त्यांना हाताला धरून आधी रस्त्यावर आणलं आणि मग काय बोलायचं ते बोलले. त्या आजही माझ्या मैत्रीण आहेत.

पण नळी तुंबवणाऱ्यांत पहिला नंबर लागतो तो कोळ्याचा. उतू गेलेलं दूध, झुरळ, हळकुंडाचा तुकडा, हे सगळं नंतर. लोक सुट्टीत गावाला जातात, शेगडी बंद राहते, आणि कोळीण नळीत शिरते. अंधार, दोन्ही तोंडं अरुंद, पाल शिरू शकत नाही. बाळंतपणाला याहून चांगली जागा कुठली? आत गेली की ती पांढऱ्या रेशमाची पिशवी विणते आणि अंड्यांसकट स्वतःला आत कोंडून घेते.

एरवी कोळी भित्रा. नळीवर पाना वाजला की पळतो. ही पळत नाही. आत तार घातली की ती तारेलाच चावायला येते. फिकट पिवळा रंग, तोंड तेवढं काळं, चिंचोक्याहून लहान जीव, पण मागं सरकत नाही. एकदा मला चावली तर बोट दोन दिवस ठणकत होतं. चलथाणला माझ्या बहिणीच्या शेतात उसाच्या पाचटात दुसऱ्या जातीची कोळीण दिसते, ती पिल्लांची सगळी फौज पाठीवर घेऊन फिरते. ती बघून लोक कौतुक करतात. या नळीतल्या बाईचं कौतुक कुणी केलं नाही, मीसुद्धा नाही. माझ्या लेखी ती जळमटं होती. ब्रश घालायचा, फुंकर मारायची, झालं.

उतराणच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. गच्चीगच्चीवर पतंग, आणि सुरतेत थंडी म्हणावी अशी थंडी पडते ती तेव्हाच. गोकुळ नावाचा एक मुलगा दुकानात आला. डाइंग मिलमध्ये कामाला, मूळ शिरपूरकडचा. "मावशी, सगडी भांडी काळी करते. बायको बाळंतीण आहे, सासूबाई गावाहून आल्यात, दिवसभर पाणी तापवायला लागतं. उचलून आणू का?"

"आणू नको, मीच येते," मी म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. बाळाचं तोंड बघायची हौस असेल.

दोन खोल्यांचं घर. बाळंतिणीची खोली मागची. गोकुळ दाराशीच थांबला, मी एकटी आत गेले. आत गेले ती सरळ खानदेशातच गेले म्हणा. ओवा, शेपा, लसणाची सालं, तेलाचा वास. खिडकीच्या फटीत जुन्या साड्या कोंबलेल्या, दाराच्या खाली गोधडीची गुंडाळी. आमच्याकडं बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. माझ्या आईनं मलाही असंच कोंडलं होतं, आणि तेव्हा तर आत निखाऱ्यांची शेगडी असायची. पण ते घर कौलांचं होतं, वरून धूर जायला शंभर वाटा. इथं वर स्लॅब.

दाराजवळ खाटेवर मनीषा, गोकुळची बायको, कुशीत तान्हा मुलगा. आणि पार कोपऱ्यात, जमिनीवर ठेवलेल्या शेगडीशी, डोक्याला ओढणी करकचून बांधून बसलेली तिची आई, सुमनबाई. पन्नाशीच्या असतील. शेगडीवर पाण्याचा हंडा, खाली पिवळीधमक ज्योत, आणि त्यांचे गाल तरुण मुलीसारखे लाल.

"कसं काय माय, तब्येत बरी ना?" मी विचारलं.

"माले काय व्हस?" त्या म्हणाल्या. "आंडेरले विचार. तिनं डोकं दुखस."

आंडेर म्हणजे लेक. मनीषाचं डोकं जड होतं, बाळ नीट पीत नव्हतं, सारखं झोपून राहायचं. दृष्ट काढून झाली होती. मीठ-मिरची जाळून झाली होती. मी विचारलं, संडासला बाहेर जातेस तेव्हा डोकं दुखतं का? ती विचार करून म्हणाली, "नाही. तिथं बरं वाटतं. आत आलं की पुन्हा सुरू."

मी वाकून गॅसचं बटण बंद केलं आणि खिडकीकडं गेले.

"खिडकी उघाडू नको, बाई," सुमनबाई म्हणाल्या. "बायतीनले वारा लागी."

"लागू दे."

"तीन लेकरं काढेल शेतस मी. माले शिकाडू नको."

त्या वयानं मोठ्या, माझ्याच मुलखाच्या, आणि स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणात बसलेल्या. अशा बाईशी वाद घालणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं. मी वाद घातला नाही. मनीषाला म्हटलं, "ऊठ. बाळ घे. बाहेर गॅलरीत चल. मी सांगते म्हणून चल." माझ्या आवाजाचा तेवढा उपयोग झाला. पोरगी उठली, भेलकांडली, मी तिला एका हातानं धरलं आणि दार लाथेनं उघडलं.

लेक वाऱ्यात चालली हे बघून सुमनबाई अडवायला उठल्या. अर्ध्या उठल्या आणि खाली बसल्या. पायांत जोरच नव्हता. पुन्हा उठायला गेल्या आणि हंड्याच्या बाजूला आडव्या झाल्या. मी बाळ-बाळंतिणीला गोकुळकडं सोपवून परत आत शिरले, साड्या उपसून खिडकी उघडली, आणि बाईंना काखेत धरून फरफटत गॅलरीत आणलं. शेजारणी जमल्या. एक म्हणाली, "ताज्या बाळंतिणीला उघड्यावर आणलं? अक्कल आहे का?" मी म्हटलं, "अक्कल नंतर दाखवते, आधी रिक्षा बोलव."

रिक्षात बाळ रडायला लागलं. असं कडकडून रडलं की मनीषाही रडायला लागली आणि मी हसायला लागले. इतका चांगला आवाज मी जन्मात ऐकला नाही.

सरकारी दवाखान्यात तिघांनाही तपासलं. बाळ आणि बाळंतीण लवकर सुधारली. सुमनबाईंना नाकाला मास्क लावून ऑक्सिजनवर ठेवलं. डॉक्टरणीनं विचारलं, शेगडीच्या सगळ्यात जवळ कोण बसायचं? मग एकेक बाहेर आलं. लेकीला झळ नको म्हणून खाट बाईंनीच दाराशी सरकवून घेतली होती. रात्रंदिवस शेगडीशी त्याच. कित्येक दिवस त्यांना उलट्या होत होत्या, त्या मोरीत पाणी ओतून कुणाला कळू देत नव्हत्या. जेवण जात नव्हतं, तर ताट लावून घ्यायच्या आणि गोकुळच्या डब्यात घालायच्या.

"आई, सांगितलं का नाही?" मनीषानं विचारलं.

मास्क बाजूला करून त्या म्हणाल्या, "बायतीननी खोलीमा आपलं दुखनं काढानं नही."

त्या दिवशी त्या शुद्धीत येत होत्या, जात होत्या. हातपाय गार पडत होते. डॉक्टरीण स्पष्ट काही सांगेना, आज बघू, उद्या बघू म्हणे. बाहेर बाकावर शेजारणी म्हणत होत्या, आई असावी तर अशी, लेकीसाठी जीव दिला असता बाईनं. मनीषा एकदम त्यांच्यावर खेकसली. "असली नको मला. मला जिवंत पाहिजे." मला ते आवडलं. मी तिला पाठीवर हात फिरवून म्हटलं, रड पण बाळाला पाज आधी.

शेगडी मी दुकानात आणली. बघते तर दोन नळ्या. डावी वापरातली, तिच्यात जुन्या जाळ्याचा बोळा, अर्धवट जळलेला, हवा जायला जागाच नाही. उजव्या बाजूचं बटण अडकलेलं, म्हणून ती पेटवलीच नव्हती. तिच्यात पांढरी पिशवी, आणि पिशवीत ती. जिवंत. शेगडी वर्षभर माळ्यावर पडली होती, बाळंतपणासाठी खाली काढलेली. कोळिणीला काय ठाऊक, आपल्या शेजारच्या नळीवर आग पेटणार आहे.

माझा राग तिच्यावर निघणार होता. ब्रश हातात घेतला होता. तेवढ्यात मनीषाचा फोन आला, शेगडी तुंबली कशानं म्हणून. मी सांगितलं कोळ्यानं तुंबली, एक जिवंत कोळीणही अंड्यांवर बसलीय, काढते आता. ती म्हणाली, "मावशी, मारू नका तिला. ती पण बाळंतीण आहे ना."

बाळंतिणीवर हात उचलायचा नसतो, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक. मी शेगडीला दोन्ही नळ्या नव्या घातल्या आणि ती उजवी नळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली, वर फडकं बांधून. नळीच्या तोंडातून पिशवी दिसायची. हे म्हणाले, "आता दुकानात प्राणिसंग्रहालय काढ." पण दोन दिवसांनी हेच बरणी उन्हातून सावलीत सरकवताना दिसले.

ती काही खात नव्हती. मी एक चिलट मारून नळीच्या तोंडाशी टाकलं, तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. पोट खपाटीला. मग एके दिवशी आत हालचाल दिसली, मोहरीएवढी पिल्लं, दुधी रंगाची. तिनं अंड्यांची पिशवी स्वतः फाडून त्यांना मोकळं केलं होतं. मला आनंद झाला. मी मनीषाला फोन करून सांगितलं, हिची पोरं आली बघ. ती दवाखान्यातच होती, आई अजून ऑक्सिजनवर. "छान झालं," म्हणाली. आवाजात जीव नव्हता.

पिल्लांनी एकदा कात टाकली. त्यानंतरची सकाळ मी विसरणार नाही. बरणी उजेडाला धरली तर सगळी पिल्लं आईच्या अंगावर. मला वाटलं चलथाणच्या कोळिणीसारखी पाठीवर बसलीत. मग नीट दिसलं. पिल्लं खात होती. तिला. आणि ती मेलेली नव्हती, पाय हलत होते. पळायला जागा होती, नळीचं तोंड मोकळं होतं. ती गेली नाही. तारेला चावायला धावणारी ती बाई, एका पिल्लाला झटकलंसुद्धा नाही तिनं. हे म्हणाले, "झाक ते फडकं." मी झाकलं, आणि मला इतका राग आला की सकाळचं पहिलं गिऱ्हाईक विनाकारण बोलणी खाऊन गेलं. राग कुणाचा ते मला आजही सांगता येत नाही.

एक प्राध्यापकीण बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक आहेत, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, काही जातींत असतंच तसं, सगळ्यांत नाही. आईचं शरीर हेच पिल्लांचं पहिलं मोठं जेवण. त्यावर पोसली की ती मोठी होऊन बाहेर पडतात, नाहीतर जगणं अवघड. मी विचारलं, तिला कळतं का? त्या म्हणाल्या, ते कुणाला सांगता येणार? इतकी वर्षं नळ्यांतून मी पातळ, पोकळ, कागदासारखी कोळ्याची खोकी झटकत आले होते. उपाशी मेली असेल म्हणायची. आता उमगलं.

पिल्लं धष्टपुष्ट झाली. ती मी दुकानामागच्या शेवग्यावर सोडली. धाग्यावर लटकून एकेक करत वाऱ्यावर गेली, मागं वळून बघायचा प्रश्नच नाही.

मनीषाला मी हे सांगितलं नाही. कसं सांगणार? तिची आई दवाखान्यात, आणि मी सांगू, नळीतली आई पोरांनी खाल्ली? ती रोज विचारायची, कोळीण कशी आहे? मी म्हणायची, बरी आहे, तू बाळाकडं बघ. इकडे सुमनबाई शुद्धीवर राहायला लागल्या, पण नवंच दुखणं सुरू झालं. जेवेनात. जीभ बाहेर काढून दाखवा म्हटलं तर काढतील, गोळी दिली तर गिळतील, पण ताट आलं की म्हणायच्या, आंडेरले द्या, तिले पाजनं पडस. डॉक्टरीण वैतागली. म्हणाली, विष उतरलंय, आता ही बाई उपाशी राहून मरेल. गोकुळनं हात जोडून पाहिले. मनीषा रोज भांडायची आणि रोज हरायची.

शेवटी मीच गेले. हातात डबा, बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. खाटेशी मनीषा बाळ घेऊन बसली होती. मला बघताच तिनं तेच विचारलं, "मावशी, ती कोळीण?"

का कोण जाणे, मला त्या दिवशी खोटं बोलवेना. म्हटलं, "मेली."

"कशानं?"

मी सुमनबाईंकडं बघून सांगितलं. सगळं सांगितलं. पिशवी, पोट खपाटीला गेलेलं, पिल्लांना मोकळं करणं, मग ती सकाळ. काही झाकलं नाही, काही गोड केलं नाही. मनीषानं बाळाला घट्ट धरलं. तिचे डोळे भरले आणि ती आईकडं बघत राहिली. मला वाटलं, झालं, वाट लावलीस तू. आता बाई म्हणणार, आई अशीच असते, आणि ताट कायमचं सरकवणार.

शेजारच्या खाटेवरची म्हातारीही कान देऊन ऐकत होती.

"तिना पोरं कथा गयात?" सुमनबाईंनी विचारलं. तिची पोरं कुठं गेली?

"गेली आपापल्या वाटेनं. वाऱ्यावर."

"मंग तिनं चालनं," त्या म्हणाल्या. म्हणजे, तिचं जमलं. "तिनं काम व्हई गयं व्हतं." मग लेकीकडं मान करून, अगदी वैतागल्या सुरात, "मनी ही आंडेर देख, पोऱ्याले पाटावर धरता येत नही आजून. न्हाऊ घालस तं सगळं पाणी त्याना नाकमा. आनि धाकल्या दोन्ही बहिनीस्नं बायतपन कोन करी? मी मरीसन कसं चाली?"

आणि माझ्या हातातला डबा ओढून घेऊन त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.